जाळरेषेचा फोटो

"गवतच जळालंय, साहेब. जंगल नाही."

पलीकडच्या खोलीत वनपाल फोनवर बोलत होते. लाइनमध्ये खरखर असावी, कारण तेच वाक्य त्यांनी पुन्हा मोठ्याने म्हटलं. मग "हो, हो, आटोक्यात आहे... लेखी पाठवतो," असं म्हणून रिसीव्हर ठेवला. मी अलीकडच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले होते. त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर अजून काढलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी पुन्हा पुन्हा केस धुऊनही धुराचा वास गेला नव्हता. मान वळवली की तो यायचा, म्हणून मी मान न वळवता बसले होते.

लेखी पाठवतो म्हणजे ते मी लिहिणार, एवढं मला कळलं होतं.

ते जंगल खात्याचं एक लहान कार्यालय होतं. नेमकं कुठलं ते लिहीत नाही. वसई पूर्वेला, डोंगराच्या बाजूला, एवढं पुरे. कॉलेज संपलं होतं, नोकरी नव्हती, आणि ज्या नोकऱ्यांसाठी मुलाखतीत बोलावं लागतं त्या मला मिळणार नाहीत हे घरी सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी बाहेरच्या कुठल्याशा योजनेतून वणवे कमी करण्यासाठी मदत आली होती आणि तिची अट होती की दर तिमाहीचा अहवाल इंग्रजीतही हवा. इंग्रजी वाचणारे तिथे होते, लिहायला कोणी पुढे येत नव्हतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंच्या ओळखीने मला कंत्राटावर घेतलं. न बोलता करायचं काम म्हणून मी आनंदाने गेले.

मी इंग्लिश मीडियमची. घरी मराठीच, पण घरची मराठी म्हणजे 'भाजीत मीठ आहे का' आणि 'पंखा बंद कर'. नियतक्षेत्र, जाळरेषा, प्रतिबंधात्मक उपाययोजना हे शब्द मी त्या कार्यालयात शिकले, तेही तोंडाने कमी आणि बोटांनी जास्त. कितीतरी शब्द मला टाइप करता यायचे आणि मोठ्याने म्हणायची वेळ आली की जीभ अडखळायची.

आग मात्र ओळखीची होती. गोखिवऱ्याला आम्ही राहायला आलो तेव्हापासून दर वर्षी थंडी सरली की संध्याकाळी गॅलरीतून डोंगरावर एक केशरी रेघ दिसायची. ती हळूहळू वर चढायची. बिल्डिंगमधल्या बायका कपडे काढता काढता म्हणायच्या, "डोंगरानं हार घातलाय बघा." आम्ही मुलं बघत बसायचो. सकाळी डोंगर काळा असायचा, आणि पावसाळ्यात पुन्हा हिरवा व्हायचा, म्हणजे काही बिघडलं नव्हतं असं आम्हाला वाटायचं. तो डोंगर कोणाचा आहे, त्याच्यावर कोणाचं काही अवलंबून आहे, हा विचार शिवलाही नाही. चिंचोटीला धबधब्यावर सहलीला जाऊन आलो होतो, तेवढाच डोंगर माहीत.

जाळरेषा म्हणजे काय हे वनपालांनी मला पहिल्याच आठवड्यात कागदावर काढून दाखवलं होतं. डोंगराच्या पोटाशी एक लांब पट्टा आखायचा, त्यातलं गवत कापून वाळू द्यायचं आणि उन्हाळा लागायच्या आत ते आपणच जाळून टाकायचं. मग पुढे कुठून आग आली, तर त्या उघड्या पट्ट्यापाशी तिला खायला काही मिळत नाही आणि ती थांबते. "आगीनंच आगीला अडवायचं, बाळ," ते म्हणाले. "फक्त सकाळी. दवात. दुपारी समुद्राचा वारा उठतो आणि डोंगराकडे जातो, तेव्हा काडीसुद्धा ओढायची नाही." हे तिथे सगळ्यांना पाठ होतं. मीसुद्धा त्याचं इंग्रजी करून ठेवलं होतं.

वनपालांना मी काका म्हणायची. कार्यालयातले गार्ड सुरुवातीला मला "मेमसाहेब" म्हणून चिडवायचे, तेव्हा काकांनी एकदाच मान वर करून म्हटलं होतं, "तिला काम करू द्या रे," आणि ते थांबलं. त्यांच्या निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. ते दुपारी डबा उघडून आधी माझ्या टेबलावर पोळीत गुंडाळलेली काहीतरी भाजी ठेवायचे आणि मगच स्वतः खायला बसायचे. हे आधीच सांगते, कारण पुढचं समजायला ते लागेल.

आग लागली त्या दिवशी मीही डोंगराच्या पायथ्याशी होते. काकांनीच नेलं होतं. "लिहितेस, तर एकदा बघ तरी." पाड्यावरच्या बायका आमच्या आधी येऊन बसल्या होत्या. त्यांच्या हातात हिरव्या फांद्या होत्या. पट्ट्याबाहेर ठिणगी गेली की त्या फांद्यांनी झोडपायचं. त्यांच्यात एक मावशी होती, पाड्याच्या वन समितीची सदस्य. कार्यालयात सही करायला यायची तेव्हापासून मी तिला ओळखत होते. म्हणजे ती मला ओळखत होती आणि मी हसायची.

समितीचा करार साधा होता. पाड्याने डोंगराचा तो भाग आगीपासून राखायचा. बदल्यात तिथलं गवत पाड्याने कापून न्यायचं, तबेल्यांना विकायचं. ते पहिलंच वर्ष होतं. त्याआधी तेच गवत त्या चोरून कापायच्या आणि गार्ड आला की भारा टाकून पळायच्या. त्या वर्षी त्यांनी उजेडात कापलं होतं, आणि पट्ट्याच्या वरच्या अंगाला त्याच्या गंज्या रचून ठेवल्या होत्या. ट्रक यायचा होता.

"ती बघ बाय," मावशीने मला गंज्या दाखवल्या. "लपवून न्हाय ठेवल्यात. रस्त्यावरनं दिसतात. माजी सून म्हन्ते, आई, मंडपच घाला आता."

सगळं तयार होतं. दव होतं, वारा पडलेला होता. फोटोग्राफर तेवढा नव्हता.

आदल्या वर्षीचा अहवाल वरून परत आला होता. त्यावर शेरा होता, 'कार्यवाहीची छायाचित्रे जोडलेली नाहीत.' जाळरेषा काढली हे खरं होतं, जळलेला पट्टा डोंगरावर होता, पण कागदावर तो झालाच नव्हता. त्याबद्दल काकांना लेखी खुलासा द्यावा लागला होता. म्हणून या वेळी त्यांनी स्टेशनजवळच्या स्टुडिओतला माणूस सांगून ठेवला होता. रंगवलेला कापडी फलकही होता, त्यावर योजनेचं नाव.

"लावू या का, साहेब?" गार्ड विचारायचा.

"थांब. येईल एवढ्यात."

आम्ही थांबलो. ऊन चढत गेलं. पायाखालचं गवत सकाळी मऊ होतं ते आता कुरकुरायला लागलं. बायकांनी भाकऱ्या सोडल्या. एकीने विचारलं, "नवरदेव येनार हाय का, एवडी वाट बगतात?" मावशी म्हणाली, "नवरदेव न्हाय, फोटोवाला. त्याच्याबिगर आग पेटत न्हाय सरकारची." सगळ्या हसल्या. काकाही हसले, पण रस्त्याकडे बघत.

तो आला तेव्हा दुपार झाली होती. स्कूटर लावता लावताच सांगायला लागला की सकाळी गावात चर्चमध्ये लग्न होतं, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की लग्नं होत नाहीत, त्याआधी सगळ्यांनाच उरकायचंय, आणि फादरचं प्रवचन संपता संपेना. त्याच्या केसांत रंगीत कागदाचे बारीक तुकडे अडकले होते.

मावशी उठून उभी राहिली. "वारा फिरला, साहेब."

काकांनाही दिसत होतं. पाड्यातल्या एका चुलीचा धूर सकाळी खाडीकडे जात होता. आता तो डोंगराकडे वाकला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याच्या बॅगेकडे. "थोडीशीच लावू," ते म्हणाले. "फोटोपुरती. बाकीची उद्या सकाळी."

दोन बायकांनी फलक धरला. गार्डने काडी लावली. गवत तडतडलं. फोटोग्राफर डोळ्याला कॅमेरा लावून मागे मागे जात म्हणाला, "दिसत नाहीये हो. भर उन्हात ज्वाला येत नाही फोटोत, नुसता धूर येतो. जरा मोठी करा." गार्डने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. आणखी गवत पडलं. "अजून थोडं. हां. ताई, फलक सरळ. हां, आता इकडे बघा सगळे."

सगळे इकडे बघत होते, तेव्हाच आग पट्ट्यापलीकडे गेली.

किती पटकन, ते मला अजून नीट सांगता येत नाही. एक पेटलेला पुंजका उचलला गेला, पट्ट्याच्या वरच्या बाजूला पडला, आणि नंतर आवाजच आवाज. फलक धरलेल्या बायकांनी तो फलकच आगीवर आपटायला सुरुवात केली. मी कुठे उभं राहावं हे न कळून इकडून तिकडे धावत होते, आणि कुणीतरी ओरडलं, "ए बाय, खाली जा, खाली!" मी खाली गेले. खालून पाहिलं. आग चढावर, वाऱ्याबरोबर, गॅलरीतून दिसायची तशीच गेली. फक्त इथे तिला आवाज होता. पहिली गंजी पेटली, मग तिच्या शेजारची, मग मी बघायचं सोडलं. वर कातळ लागला तिथे ती विझली. कोणी भाजलं नाही, मावशीच्या मनगटावर एक चट्टा उठला तेवढंच. ती जळक्या उतारावर बराच वेळ उभी होती. खाली आल्यावर म्हणाली, "जाऊ दे. गवत पुडच्या सालीबी येल. डोंगर काय पलून जात न्हाय."

एवढं झालं होतं. आणि आता मी कव्हर काढून कॉम्प्युटर चालू केला.

अहवालाच्या नमुन्यात 'आगीचे कारण' असा एक रकाना होता आणि त्याखाली कारणं आधीच छापलेली होती. मोह वेचणारे. मध काढणारे. गुराखी. गवत कापणारे. प्रवासी व सहलीला येणारे. अज्ञात. मी वरून खाली वाचलं, खालून वर वाचलं. आम्ही, असं कारण त्यात नव्हतं.

"अज्ञात लिहू का, काका?"

"मागच्या दोन्ही वेळेस अज्ञातच लिहिलंय. वरून विचारलंय, अज्ञात किती वर्षं अज्ञात राहणार म्हणून." ते माझ्या खोलीत येऊन खिडकीपाशी उभे होते. माझ्याकडे पाठ होती. "गवत कापणारे, असं घे. विडीचं थोटूक पडलं असेल. लिही, निष्काळजीपणे टाकलेल्या थोटकामुळे."

मी टाइप केलं. मग त्याचं इंग्रजी केलं. शाळेत मला निबंधाला बक्षिसं मिळत. वाक्य गुळगुळीत कसं करायचं ते मला येतं. ते फार व्यवस्थित वाक्य झालं. खाली 'प्रस्तावित कार्यवाही' होती. काका म्हणाले, "समितीची गवताची परवानगी पुढील आदेशापर्यंत स्थगित. तसं लिहावंच लागतं, नियम आहे. वर गेलं की कोणी बघत नाही, बाळ. वर्षभराने पुन्हा चालू होईल."

त्या दिवशी घरी मी जेवले नाही. उभीच होते. गॅलरीत, मग स्वयंपाकघराच्या दारात, मग पुन्हा गॅलरीत. आई म्हणाली, "काय घिरट्या घालतेयस मांजरीसारखी?" मी तिला तुटक तुटक सांगितलं. तिने कढईखालचा गॅस बारीक केला.

"तुझ्या नावानं आहे का ते?"

"नाही. मी फक्त टाइप केलं."

"मग झालं तर. मोठी माणसं आहेत, ती बघतील. आणि त्या माणसाचं पेन्शन आहे, ते विसरू नकोस. तुला किती जपतात तिथे."

तेच तर. त्याची मला कोणी आठवण करून द्यायची गरज नव्हती. परवानगी गेली की मावशी पुन्हा भारा टाकून पळणार, आणि सत्य गेलं वर तर काकांच्या नोकरीची शेवटची पानं खराब होणार. दोन्ही माणसं मला आवडायची. मी एकाच वेळी दोघांसमोर काही न बोलता उभी राहू शकत होते, आणि हीच माझी जन्माची सवय होती.

मोठे साहेब पाहणीला येणार असं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी मावशी कार्यालयात आली. पाड्यात कुजबुज पोचली होती. ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसली, मनगटाला कसलासा पाला बांधलेला.

"काय लिवलं गं बाय? थोटूक म्हन्तात."

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच कळलं नाही.

"मी तंबाकू खाते," ती म्हणाली. "विडी न्हाय वढीत. आमच्यातली एक बाई वढत न्हाय. तुमचा तो गार्ड वढतो." आणि ती हसली, मग हसणं मध्येच थांबवून म्हणाली, "परवानगी राहील ना? एवडंच सांग. बाकीचं लिवा काय लिवायचं तं. आमाला सवय हाय."

"बघते," मी म्हणाले. बघते म्हणजे काय, ते दोघींनाही माहीत होतं. तिने पाणी मागितलं, पिऊन भांडं उपडं घातलं आणि गेली. मी नंतर उगाच फाइली लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. प्रिंटरचा कागद सरळ असतानाही काढून परत घातला. गार्ड म्हणाला, "मॅडम, भूत लागलंय का आज?"

मोठे साहेब वाटले होते त्यापेक्षा तरुण आणि हसतमुख निघाले. जीपमधून उतरताच त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. समितीच्या बायकांना व्हरांड्यातून आत बोलावलं, त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. काका टेबलाच्या बाजूला उभे राहिले. मी कोपऱ्यात, साहेबांनी काही विचारलं तर कागद काढून द्यायला.

फोटो आले होते. साहेबांनी ते टेबलावर पसरले. फलक सरळ होता. त्याच्या मागे ज्वाला अगदी स्पष्ट आली होती, फोटोग्राफरने म्हटलं होतं तशी. बायका इकडे बघत होत्या. "वा," साहेब म्हणाले. "असं डॉक्युमेंटेशन पाहिजे. बाकीच्यांना दाखवायला एक संच मला द्या." काकांनी "होय, सर," म्हटलं. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

मग त्यांनी माझा इंग्रजी अहवाल उघडला. दोन पानं वाचून मान वर केली. "कोणी ड्राफ्ट केलं हे?"

काकांनी माझ्याकडे हात केला.

"एक्सलंट. कुठल्या शाळेच्या तुम्ही?"

मी शाळेचं नाव सांगितलं, इतक्या हळू की त्यांनी पुन्हा विचारलं. मान खाली घालून पुन्हा सांगितलं. ते पुढे वाचत गेले. कारणाच्या रकान्यापाशी आले आणि बायकांकडे वळून समजावणीच्या सुरात म्हणाले, "बघा, राखायला दिलं तर राखायला पाहिजे ना? आता मला हे थांबवावं लागतंय. मला बरं वाटत नाही थांबवायला." मावशी जमिनीकडे बघत पदराच्या टोकाला पीळ घालत होती. तिच्या शेजारची काहीतरी बोलायला गेली, तर मावशीने तिचा गुडघा दाबला.

साहेबांनी पेनचं टोपण काढलं. काकांकडे पाहिलं. "तुम्ही सहमत?"

काकांचा एक हात खुर्चीच्या पाठीवर होता आणि ते माझ्याकडे बघत होते. दटावून नाही. डब्यातली पोळी माझ्या टेबलावर ठेवताना बघायचे तसंही नाही. थकल्यासारखं. त्यांना मी बोलायला हवं होतं की नको होतं, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेली नाही. "होय, सर," ते म्हणाले.

"कोणाला काही म्हणायचंय?" साहेबांनी खोलीला विचारलं, अशा वेळी विचारतात तसं, पेन कागदावर टेकवूनच.

मनात वाक्य इंग्रजीत तयार झालं होतं, पूर्ण, नीटनेटकं, आणि इंग्रजीत म्हटलं तर साहेबांना कळेल, भिंतीपाशी बसलेल्यांना कळणार नाही, हेही त्याच क्षणी कळलं. म्हणून ते सोडून दिलं. मराठीत वाक्य तयार नव्हतं. तरी मी कोपऱ्यातून पुढे आले. काकांकडे पाहिलं नाही; पाहिलं असतं तर थांबले असते.

"सर, आग यांनी नाही लावली. आपण लावली. जाळरेषा सकाळी जाळायची होती, पण फोटोग्राफर आला नव्हता, म्हणून दुपारपर्यंत थांबलो. वारा फिरलाय हे यांनी सांगितलं होतं. फोटोत ज्वाला दिसावी म्हणून आणखी गवत टाकलं, आणि ती पलीकडे गेली. काकांनी जाणूनबुजून नाही केलं, सर, मागच्या वर्षी फोटो नव्हते म्हणून त्यांना खुलासा द्यावा लागला होता. मी तिथेच होते. यांचं गवत बंद करू नका."